एक घर पुढे

स्कार्थ एंड
सोमवार, ११ फेब्रुवारी १९७४

प्रिय नेड,

हे पत्र वाचायचं की शेगडीत टाकायचं, ते ठरवण्याआधी एवढं ऐक की कुणी मेलेलं नाही. मी बरी आहे. घर उभं आहे, छपराला यंदा नव्या कौलांची गरज आहे, पण ती तर तू गेलास तेव्हाही होती. बावीस वर्षांत मी तुला नाताळच्या कार्डापलीकडे काही पाठवलं नाही, आणि तू तर तेवढंही नाही. तरी आज लिहायला बसलेय, कारण जे घडतंय ते गावात कुणाला सांगायची सोय नाही. इथे गोष्ट पोस्टात एकीच्या कानात सांगितली की आपण घरी पोचायच्या आत पंपिंग स्टेशनपर्यंत सगळ्यांना ती ठाऊक असते.

निवडणूक लागलीय हे तुमच्याकडच्या पेपरातही आलं असेल. खाणकामगार संपावर, कारखाने आठवड्यातून तीन दिवस, दुकानांत मेणबत्त्या. लाल आणि निळे, दोन्ही मोठे पक्ष, इतके बरोबरीत आहेत, की कुणालाच बहुमत मिळायचं नाही असं जो तो म्हणतोय. म्हणून अचानक आम्हा पिवळ्यांना भाव आलाय. लंडनचे आमचे पुढारी रेडिओवर म्हणतात, आम्ही कुणाशी संधान बांधणार नाही, आणि मागच्या दाराने कोण कोणाकडे चहाला जातं ते त्यांचं त्यांना माहीत. इथलं मागचं दार म्हणजे माझ्या स्वयंपाकघराचं. शुक्रवारी त्या दाराने क्लेम पेक आला.

क्लेम आठवतो ना? लालांचा निवडणूक एजंट. तोच अजून आहे, सत्तरीला आलाय, दात नवे बसवलेत आणि ते त्याला होत नाहीत. मी आमची एजंट, तो त्यांचा, दोघं तीस वर्षं एकमेकांची पोस्टरं फाडत आलोय. तर मागच्या खेपेला निळे इथून चारशे बारा मतांनी आले आणि आमच्या माणसाने तीन हजार खाल्ली. हिशेब सरळ आहे. लंडनचा हुकूम असा, की प्रत्येक जागी पिवळा उमेदवार हवाच. मग क्लेम म्हणाला, नाव दे, पण पत्रकं छापू नकोस, दारं ठोठावू नकोस. नावापुरता उमेदवार. बदल्यात शेजारच्या मतदारसंघात, जिथे आमचा माणूस येऊ शकतो, तिथे लाल हात बांधून बसतील. मी हो म्हटलं. आम्ही शेकहँड केला, चहा घेतला आणि त्याने केकचा मोठा तुकडा नेला. राजकारण असंच चालतं, नेड, आणि असलं काही मी पहिल्यांदा करत नाहीये.

नावापुरता उमेदवार काल, रविवारी मिळाला. लेनर्ड पास्क, पीटरबरोकडचा, चर्चमधली ऑर्गन दुरुस्त करतो. फोनवर म्हणाला, सही करीन, पण या थंडीत हिंडणार नाही. म्हटलं, हिंडायचं नाहीच, तीच तर अट आहे.

आणि आज सकाळी पोस्टात ब्लॅकबँकच्या बांधावरची फिअरीबाई मला म्हणाली, तुमचा उमेदवार शनिवारी आमच्याकडे येऊन गेला, फार सभ्य माणूस.

शनिवारी मला उमेदवारच नव्हता.

म्हातारीचा घोळ झाला असेल. निळ्यांचा कुणी असेल. पण दुपारपासून हातातलं काम सुधरत नाही. उमेदवार हा शब्द ऐकला की अजून एक्कावन्न साल आठवतं, तुला कारण सांगायला नको. बाबा तिसऱ्यांदा उभे राहणार होते, आणि अर्ज घेऊन सायकलवरून तू टाऊन हॉलला मुदत संपल्यावर, तीनच्या नंतर पोचलास. त्या संध्याकाळनंतर बाबा मरेपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तू कॅनडा गाठलंस. इथले लोक अजूनही पोरांना म्हणतात, लवकर निघ, नेड फोव्हार्गसारखं करू नकोस. ज्यांनी तुला पाहिलंही नाही ते म्हणतात. मी ऐकते आणि रस्ता ओलांडते.

तुझी,
एनिड


स्कार्थ एंड
शनिवार, १६ फेब्रुवारी

प्रिय नेड,

म्हातारीचा घोळ नव्हता.

मंगळवारी क्लेम भर दुपारी माझ्या दारात. टोपीही काढली नाही. म्हणाला, एनिड, मी तुला शब्दाची पक्की समजत होतो. त्याची माणसं ब्लॅकबँकच्या बांधावरून घरोघर निघाली होती, आणि प्रत्येक दारात हेच, की पिवळ्यांचे गृहस्थ आत्ताच येऊन गेले. आत्ताच म्हणजे किती वेळ? हे काय, पाच मिनिटं. क्लेमच्या माणसांनी पाय उचलले, तरी तो एक घर पुढेच. एकदा तर दोन माणसं सायकलवरून सरळ शेवटच्या घरी गेली, म्हणाली, आता याला गाठू. तिथली बाई म्हणाली, चुकामूक झाली तुमची.

तुला ब्लॅकबँकचा बांध ठाऊक आहे. दोन्हीकडे काळं शेत आणि चर, मैलभर झाड नाही. कोंबडी चालली तरी गावातून दिसते. त्या दोघांना वाटेवर कुणी दिसलं नाही.

मी क्लेमला शपथ घेऊन सांगितलं, माझं कुणी माणूस हिंडत नाही. पत्रक छापलेलं नाही, पास्क पीटरबरोत शिंकतोय. क्लेम म्हणाला, मग हा कोण? मी म्हटलं, निळ्यांची खेळी असेल. त्याला ते पटलं नाही आणि मलाही नाही. निळ्यांमध्ये असं डोकं कुणाला आहे?

मग मी स्वतःच गेले. गमबूट चढवले आणि सहा घरं केली. सगळ्यांनी एकच सांगितलं. उंच, वयस्क. दार उघडायच्या आत टोपी हातात. आत या म्हटलं तर येत नाही. चिखल घोट्याच्या वर आहे आणि त्याचे बूट कोरडे. त्याने निळ्यांना नावं ठेवली नाहीत, लालांना ठेवली नाहीत, मत द्या असंही म्हणाला नाही. म्हणूनच लोकांना तो आवडलाय. गॉटोबेडची सून म्हणाली, इतक्या वर्षांत पहिला उमेदवार भेटला जो काही मागत नाही, आमच्या घरातली चारही मतं त्यालाच.

तो फक्त एक प्रश्न विचारतो. काय ते आत्ता लिहीत नाही. महत्त्वाचं नाही.

या पत्राला उत्तर देणार असशील तर दे. नसशील तर निदान खिडकीवर ठेव, म्हणजे टाकलं नाहीस असं मी समजेन.

एनिड


स्कार्थ एंड
मंगळवार, १९ फेब्रुवारी

प्रिय नेड,

काल अर्ज भरायची शेवटची तारीख होती. मी सकाळी दहालाच टाऊन हॉलच्या पायरीवर उभी होते, दार उघडायच्या आधी. पास्क सोबत होता. चाळिशीचा, गुबगुबीत, जाड चष्मा, नाक लाल. क्लार्कने कागद तपासले, सूचकांची दहा नावं मोजली, शिक्का मारला. सगळं मिळून वीस मिनिटं. बाहेर आल्यावर मला पायरीवर बसावं लागलं. पास्क म्हणाला, बाई, तुम्हाला चहा हवाय.

येताना मी त्याला मुद्दाम फिअरीबाईच्या दारात उभं केलं. विचारलं, हेच आले होते का? ती म्हणाली, छे, हे कोण?

मग मी पर्समधून दुसरा कागद काढला. त्याला घडीची चीर पडलीय, म्हणून जपून उघडला. बाबांचं पन्नास सालचं पत्रक, वर फोटो असलेलं. तुला आठवत असेल, बांधावर उभे आहेत, मागे पंपिंग स्टेशनची चिमणी.

फिअरीबाई म्हणाली, हां, हेच. फोटोत जरा तरुण दिसतात.

ती बाई इथे राहायला आली तेव्हा बाबांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

पास्कला काही कळलं नाही, आणि मी कळू दिलं नाही. घरी आले आणि सगळे दिवे लावले, वीज वाचवा म्हणून रेडिओ ओरडतोय तरी. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. चॅपलमध्येही मी सूचनाफलकापुरतीच जाते. पण आपल्या बाबांना मी ओळखणार नाही का? टोपी आधी काढायची, उंबरा ओलांडायचा नाही, दुसऱ्याच्या घरात चिखल न्यायचा नाही. दारोदारचं ते वळण त्यांनीच मला शिकवलं आणि मी तुला.

गेल्या पत्रात प्रश्न लपवला. आता लिहिते. ते प्रत्येक दारात टोपी हातात धरून विचारतात, "आमचा नेड पोचला का?"

लोकांना वाटतं, बरोबर कुणी कार्यकर्ता असेल, वाट चुकला असेल. ते म्हणतात, नाही हो, इकडे कुणी आलं नाही. मग ते आभार मानतात आणि पुढच्या दारात जातात.

नेड, माझी पाचावर धारण बसलीय. ते मत मागायला हिंडत नाहीत. ते तुला शोधतायत. आणि त्यांना का शोधावं लागतंय, हे या जगात मला एकटीला माहीत आहे.

एनिड


स्कार्थ एंड
रविवार, २४ फेब्रुवारी

प्रिय नेड,

काल ते माझ्याकडे आले.

दुपारचे तीन. धुकं होतं पण उजेड होता, समोरच्या कुंपणावरचे थेंब दिसत होते. मी कणकेत हात घालून उभी होते. दारावर तीन टकटक, मधे जरा जास्त थांबून. मला कळलं. तरी हात पुसले आणि गेले, कारण दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही हेही त्यांनीच शिकवलेलं.

चेहऱ्याबद्दल काय लिहू? बाबांचाच. रागावलेला नाही, रडवेला नाही. वाट पाहणाऱ्याचा. त्यांनी मला ओळखलं असं मला वाटलं नाही. गावातलं आणखी एक दार, आणखी एक बाई, तसंच पाहिलं. हे मला सगळ्यात लागलं. श्वास सोडताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती, त्यांच्या तोंडातून नाही.

विचारलं, आमचा नेड पोचला का?

आणि मी काय केलं सांगू? साठी ओलांडलेली बाई मी, मेलेल्या बापासमोर उभी, आणि तोंडातून आलं, "नाही पोचला. उशीर केला त्याने."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, मग मी विचारत राहतो. आणि धुक्यात गेले. कणीक हाताला वाळून चिकटली तरी मी दारातच होते.

आता ऐक. हे मी तुला बावीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

तू उशीर केला नाहीस. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ अर्धा तास मागे केलं होतं. तुझं मनगटी घड्याळ दुरुस्तीला होतं, हे मला माहीत होतं. आपल्या घड्याळात पावणेदोन वाजले तेव्हा मी तुला कागद दिले, म्हणजे खरे सव्वादोन. सायकलने नऊ मैल, समोरून वारा. तू पोचूच शकत नव्हतास.

क्लेमशी तेव्हाही ठरलं होतं. तेव्हाही निवडणूक अटीतटीची. बाबा साडेतीन हजार मतं घेणार आणि लालांचा माणूस पडणार, हे मला कागदावर दिसत होतं. बाबांना माघार घ्या म्हणून दोनदा सांगितलं. ते म्हणाले, मी जिंकायला उभा राहत नाही, लोकांना विचारायला उभा राहतो. मला ते खुळेपण वाटलं. उघड विरोध करायची हिंमत नव्हती, म्हणून घड्याळाचा काटा फिरवला. तुला पुढे केलं, कारण तू चोवीस वर्षांचा होतास आणि लोक पोराची चूक विसरतील असं मला वाटलं. आई गेल्यावर तुला मी वाढवलं होतं, तू माझ्यावर कधी शंका घेणार नाहीस हेही धरून चालले होते.

लोक विसरले नाहीत. बाबाही नाहीत. आणि लालांचा माणूस तरीही पडला. म्हणजे सगळं फुकट गेलं. जागा गेली, बाप गेला, भाऊ गेला.

मी असं म्हणू शकते, की देशाचा विचार केला. पण खरं सांगू? मला ठरवणारी व्हायला आवडलं. दुपारी साडेचारला तू घामाघूम परत आलास, बाबांनी तुझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आत्ता सांगू. मग वाटलं, उद्या. उद्याचे असे किती दिवस झाले ते तू मोज.

एनिड


स्कार्थ एंड
बुधवार, २७ फेब्रुवारी

प्रिय नेड,

उद्या मतदान. हे लिहून झालं की झोपणार आहे, बऱ्याच दिवसांनी झोप येईलसं वाटतंय.

सोमवारी मी क्लेमकडे गेले. त्याला म्हटलं, साप्ताहिकाच्या संपादकाला मी सगळं सांगणार आहे, एक्कावन्नचं आणि आत्ताचंही. तो खुर्चीत बसला. दात काढून कपात ठेवले, म्हणजे मनापासून बोलायचं असलं की तो तसं करतो. म्हणाला, एनिड, तीन दिवस थांब. जागा चारशे मतांवर आहे. आपला करार छापून आला तर माझा माणूस मेलाच, तुझी शेजारची जागाही जाईल, आणि लंडनमध्ये एकेका जागेवर सरकार अडलंय. तुझा बाप बावीस वर्षं मेलेला आहे, भाऊ बावीस वर्षं कॅनडात आहे. त्यांना शुक्रवारपर्यंत घाई काय?

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. बावीस वर्षांपूर्वी मी हेच म्हटलं असतं, किंबहुना हेच म्हटलं होतं. मी त्याला म्हटलं, क्लेम, शुक्रवारी सांगितलं तर तो पश्चात्ताप नाही, शिळी बातमी आहे. तो माझ्यावर ओरडला नाही. फक्त म्हणाला, यापुढे माझ्या मागच्या दाराने येऊ नकोस.

संपादकाने आजच्या अंकात पहिल्या पानावर छापलंय. माझ्या सहीचं निवेदन, तुझं नाव पूर्ण लिहून. पोस्टातल्या बायका मला पाहून पिशव्या आवरायला लागल्या. फिअरीबाई तेवढी म्हणाली, म्हणजे तो मुलगा वेळेवर निघाला होता होय.

पण ते आज. मधला मंगळवार राहिला.

निवेदन संपादकाला दिलं तरी मला चैन पडेना. पेपर जिवंत लोक वाचतात. बाबांना कोण सांगणार? गावाभोवतालचे सगळे बांध त्यांचे फिरून झाले होते, फक्त ड्रेनेज ऑफिसच्या पलीकडची वाट राहिली होती. त्या वाटेच्या टोकाला ले प्लाचं घर आहे, गेली सहा वर्षं रिकामं. म्हटलं, लोक असोत नसोत, ते एकही दार सोडणार नाहीत. मी दोन वाजता तिथे गेले. दार ढकलून आत शिरले आणि बंद केलं. आत उंदरांचा वास आणि भिंतीवर जुन्या कपाटाची खूण. मी उभीच राहिले, बसायला काही नव्हतं.

रिकाम्या घरात आतून दारापाशी उभं राहून टकटकीची वाट पाहणं काय असतं, ते मी तुला सांगू शकत नाही. बाहेर वारा नव्हता. पावलं वाजली नाहीत. तीनच्या सुमाराला टकटक झाली, अगदी माझ्या कपाळासमोर.

मी दार उघडलं. टोपी हातातच होती. त्यांनी विचारायच्या आत मी बोलले, कारण विचारलं असतं तर मी पुन्हा खोटं बोलले असते, माझा भरवसा नाही.

म्हटलं, "बाबा, घड्याळ मी मागे केलं होतं. नेडचा दोष नाही. तो सांगितल्या वेळी निघाला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता मात्र ओळखलं. मला वाटलं होतं ओळखलं की बरं वाटेल. नाही वाटलं. चोर पकडल्यावर घरमालक बघतो तसंही नाही, पोर पडल्यावर बाप बघतो तसं, आणि तेच सहन होत नव्हतं.

"मग मी त्याला सांगतो," ते म्हणाले, आणि टोपी डोक्यावर घातली.

मी म्हटलं, तो फार लांब आहे, समुद्रापलीकडे. ते वाटेला लागले होते. मैलभर सरळ वाट, उजेड लख्ख, आणि मी त्यांना चौथ्या पावलापर्यंतच पाहू शकले.

आज कुठल्याच दारात कुणी आलं नाही. मी चौकशी केली.

एनिड


स्कार्थ एंड
शनिवार, २ मार्च

नेड,

निकाल काल लागला. निळे आले, एकशे सहा मतांनी. लाल दुसरे. आणि पास्क, ज्याने एकही दार ठोठावलं नाही, त्याला सात हजार मतं. त्यातली निम्मी जरी लालांकडे गेली असती तरी क्लेमचा माणूस आज लंडनच्या गाडीत असता. शेजारची जागाही आम्ही गमावली, तिथे लाल हात बांधून बसले नाहीत, आणि का बसावं? मतमोजणीच्या टेबलापाशी क्लेम माझ्या शेजारी तासभर उभा होता आणि भिंतीशी बोलला. पास्क घाबरून विचारत होता, मी निवडून तर येणार नाही ना?

देशात कुणालाच बहुमत नाही. रेडिओवर एकच चाललंय, कोण कुणाला भेटलं, कोण काय मागतंय. आमच्या पक्षाने माझं एजंटपद काढून घेतलं, तार आली. तीस वर्षांचं काम एका ओळीत. मला राग आला नाही, मला मीच काढलं असतं.

मी फक्त तुझ्या पत्राची वाट पाहतेय. शिव्या लिहिल्यास तरी चालतील. नाही लिहिलंस तरी मला तोंड नाही विचारायला.

एनिड


सस्कॅचेवान, कॅनडा
गुरुवार, २८ फेब्रुवारी १९७४

प्रिय एनिड,

हे तुला मिळेल तेव्हा तुमची मतमोजणी होऊन गेली असेल. तुझी पहिली दोन पत्रं आली आहेत. त्यांत घड्याळाचं काही नाही. ते तू पुढच्या पत्रात लिहिशील किंवा लिहिलं असशील. मला मंगळवारी कळलं.

मी धान्याच्या कोठारावर काम करतो. मागे मालगाड्या थांबतात ती रेल्वेची साइडिंग आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला, त्या अर्जाच्या दिवशी, बाबा तिथे येतात. मी इथे आलो त्या पहिल्या वर्षापासून. माझ्या बायकोला, मार्थाला, ते दिसत नाहीत, कुत्र्याला दिसतात. टोपी हातात धरून विचारतात, पोचलास का? आणि मी दर वर्षी सांगत आलो, नाही बाबा, उशीर झाला माझ्याकडून. ते मान हलवून जातात. मी कधी कुणाला बोललो नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये आले नाहीत तेव्हा वाटलं, संपलं.

परवा, मंगळवारी, सकाळी नऊला आले. तुमच्याकडे तीन वाजले असतील. उणे तीस होतं, माझ्या पापण्यांवर बर्फ धरलं होतं, त्यांच्या खांद्यावर एक कण नाही. विचारलं नाही. सांगितलं. म्हणाले, एनिड म्हणते तुझा दोष नाही, घड्याळ तिने मागे केलं होतं.

एनिड, मग मी त्यांना खरं सांगितलं, आणि आता तुला सांगतो. अर्ध्या वाटेवर मिलफेनचं चर्च लागतं. त्याच्या घड्याळात तेव्हा तीनला वीस मिनिटं कमी होती. आपल्या घरचं घड्याळ तू दर रविवारी स्वतः मिळवायचीस, ते कधी मिनिटभर चुकलं नव्हतं. मला लगेच उमगलं. जीव तोडून पायडल मारले असते तर पोचलोही असतो. मी सायकल तिथल्या पुलाला टेकवली आणि बसलो. म्हटलं, एनिडने केलंय म्हणजे काही कारण असेल. तिला हेच हवंय तर हेच होऊ दे. तू बांधून दिलेला चीज-पाव खाल्ला. तीनचे ठोके पडल्यावर निघालो.

म्हणजे दोष निम्मा माझा आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, दोघंही एकाच घरातली. आणि गेले. पुन्हा येतील असं वाटत नाही. मला त्यांची सवय झाली होती.

तू लबाडी केलीस म्हणून मी घर सोडलं असं समजू नकोस. ती मी पुलावरच माफ केली होती. त्या संध्याकाळी जेवायला बसलो, बाबा मला नाही नाही ते बोलत होते, आणि मी खाली मान घालून थांबलो होतो, आता ही बोलेल, आता बोलेल. आणि तू बटाट्यांचं भांडं उचललंस आणि माझ्यापुढे सरकवलंस, म्हणालीस, नेड, गरम आहेत तोवर घे.

मी घेतले. तेवढे मला अजून गिळता आलेले नाहीत.

नेड